तक्रार या शब्दाचा अर्थ

तक्रार हा शब्द आपण रोज वापरतो. वीजबिलाची तक्रार, शेजाऱ्याची तक्रार, पोटाची तक्रार. हा शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने मराठीत आला. पण मूळ अरबीत ‘तकरार’ म्हणजे गाऱ्हाणं नव्हे. तिथे त्याचा अर्थ पुनरावृत्ती, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं किंवा सांगणं. मराठीने या शब्दाचा अर्थ बदलला असं व्याकरणाचे जाणकार म्हणतील. मला मात्र वाटतं, मराठीने तो अर्थ फारसा बदललेला नाही.

माझी खाला एका रुग्णालयात आया होती. घरी आम्ही तिला खाला म्हणायचो, वॉर्डात सगळे मावशी म्हणायचे. शब्द दोन, नातं एकच. तिथला मुकादम रविवारी आयांना आपल्या घरी धुणीभांडी करायला बोलवायचा. जी जाणार नाही तिच्या हजेरीत एक खाडा लागायचा. खालाने जायचं बंद केलं आणि त्या महिन्यात तिला चार खाडे लागले. ती आधी सिस्टरकडे गेली, मग मेट्रनकडे, मग हेडक्लार्ककडे, मग युनियनच्या माणसाकडे, मग प्रशासन अधिकाऱ्याकडे. प्रत्येकाने ऐकून घेतलं, कोणीही लिहून घेतलं नाही. शेवटच्या साहेबांनी विचारलं, “याआधी कुठे सांगितलं होतं त्याचा कागद आहे का?” कागद नव्हता. त्या रात्री ती माझ्या अम्मीला म्हणाली, “कितनी बार बोलूं?” त्यानंतर तिने तो विषय बंद केला. रविवारी पुन्हा भांडी घासायला जाऊ लागली.

हे मी शाळेत असतानाचं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी जिनिव्हात एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या चौकशी विभागात इंटर्न म्हणून गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला खालाचा तो प्रश्न आठवला.

इंटर्नला काय दिसतं

लोकांना वाटतं, गैरवर्तनाची चौकशी करणाऱ्या विभागात रोज काहीतरी सनसनाटी घडत असेल. तसं काही नसतं. गोपनीयतेच्या कागदावर सही होते आणि प्रत्यक्ष प्रकरणांच्या फायली इंटर्नपासून दूर ठेवल्या जातात. हे योग्यच आहे. त्यामुळे त्या संस्थेचं नाव किंवा तिथलं कोणतंही प्रकरण मी इथे सांगणार नाही. मला दिसली ती कामाची पद्धत.

तक्रार आली की सर्वांत आधी तिला क्रमांक आणि तारीख मिळते. मग प्राथमिक पडताळणी होते. सांगितलेली गोष्ट खरी निघाली तर ती नियमांत गैरवर्तन ठरते का आणि शोधण्यासारखा पुरावा आहे का, हे पाहिलं जातं. त्यानंतर चौकशी सुरू होते. ईमेल, हजेरीच्या नोंदी, खर्चाची बिलं गोळा होतात, साक्षीदारांचे जबाब होतात. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप काय आहे ते सांगून त्याची बाजू ऐकली जाते. शेवटी अहवाल तयार होतो. चौकशी अधिकारी शिक्षा देत नाही. तो फक्त काय घडलं आणि ते कशावरून म्हणतो, एवढंच लिहितो. निर्णय दुसरेच लोक घेतात.

माझ्या वरिष्ठ बाई जबाबाबद्दल एक गोष्ट वारंवार सांगायच्या. जबाब कबुली काढण्यासाठी नसतो, माहिती मिळवण्यासाठी असतो. इंग्लंडमध्ये पोलिसांनी दबाव टाकून घेतलेल्या कबुलीजबाबांवर निरपराध माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात राहिली. त्यानंतर १९९०च्या दशकात तिथे मुलाखतीची नवी पद्धत आली. समोरच्याला अडवायचं नाही, आधी त्याला त्याच्या शब्दांत सगळं सांगू द्यायचं, प्रश्न नंतर. आज जगभरचे चौकशी अधिकारी हे शिकतात.

माझ्या वाट्याला आलेलं काम साधं होतं. अशा संस्थांमध्ये चौकशीचे नियम कसे घडत गेले याची तारीखवार टिपणं करायची. म्हणून दुपारी मी ट्रामने ‘नासिओं’च्या थांब्यावर उतरायचे. तुटक्या पायाच्या त्या प्रचंड लाकडी खुर्चीजवळून पॅले दे नासिओंच्या ग्रंथालयात जायचे. जुन्या राष्ट्रसंघाची दफ्तरं तिथेच आहेत. कंटाळवाणं वाटलेलं ते काम हळूहळू मला धरून बसलं. कारण प्रत्येक नियमाच्या मागे कोणीतरी एक माणूस उभा होता, ज्याचं आधी कोणी ऐकलेलं नव्हतं.

न्यायालयाचा दरवाजा बंद असतो

आधी एक मूळ प्रश्न. या संस्थांना स्वतःचा चौकशी विभाग लागतोच कशाला? पोलीस आहेत, न्यायालयं आहेत.

याचं उत्तर १९४६ सालच्या करारात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विशेषाधिकार आणि उन्मुक्ती यांबाबतचा हा करार. कोणत्याही यजमान देशाने आपल्या न्यायालयाच्या जोरावर संस्थेला वाकवू नये, म्हणून संस्थेवर देशी न्यायालयात दावा चालत नाही. भारतानेही १९४७ साली यासाठी कायदा केला. हेतू चांगला होता. पण त्याची दुसरी बाजू अशी की, कर्मचाऱ्यावर त्याच्याच संस्थेने अन्याय केला तर त्याने जायचं कुठे? त्या करारातच याची कबुली आहे. वाद मिटवण्याची सोय संस्थेने स्वतः करावी असं त्यात लिहिलं आहे. बाहेरचा दरवाजा बंद करणाऱ्याने आतला दरवाजा उघडायलाच हवा, असा तो साधा हिशेब.

हा आतला दरवाजा आधी राष्ट्रसंघाने बांधला होता. १९२७ साली त्याने कर्मचाऱ्यांसाठी प्रशासकीय न्यायाधिकरण स्थापन केलं. पण त्याचा शेवट वाचून मी चकित झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला राष्ट्रसंघाने अनेक कर्मचाऱ्यांना काढून टाकलं. त्यांतल्या तेरा जणांच्या दाव्यांत न्यायाधिकरणाने १९४६ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी राष्ट्रसंघाच्या शेवटच्या सभेने हे पैसे द्यायला नकार दिला आणि संस्था विसर्जित झाली. जगाला कायदा शिकवायला निघालेल्या संस्थेने जाता जाता आपल्याच न्यायाधीशांचा निकाल गुंडाळून ठेवला. ते न्यायाधिकरण मात्र आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे गेलं आणि जिनिव्हात आजही काम करतं.

चौकशीच जेव्हा हत्यार होते

संयुक्त राष्ट्रांनी १९४९ साली स्वतःचं न्यायाधिकरण उभं केलं. त्याची खरी परीक्षा लगेचच आली.

१९५२ साल. अमेरिकेत कम्युनिस्टांचा शोध सुरू होता. सिनेटच्या एका उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकी कर्मचाऱ्यांना बोलावून विचारायला सुरुवात केली: तुम्ही पक्षाचे सदस्य आहात का, होता का? काहींनी अमेरिकी राज्यघटनेने दिलेला गप्प राहण्याचा हक्क वापरला. सरचिटणीस त्रिग्वे ली यांनी तीन कायदेपंडितांचा सल्ला घेतला आणि गप्प राहिलेल्यांना नोकरीवरून काढलं. कामात कसूर केल्याचा प्रश्नच नव्हता. न बोलणं हाच गुन्हा ठरला. या दडपणाच्या काळात, नोव्हेंबर १९५२ मध्ये संस्थेचे प्रमुख कायदा सल्लागार अब्राहम फेलर यांनी आत्महत्या केली. पुढे एफबीआयला संस्थेच्या इमारतीतच बसून कर्मचाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेऊ दिले गेले. नवे सरचिटणीस दाग हमरशोल्ड यांनी १९५३च्या अखेरीस त्यांना बाहेर काढलं.

काढलेले कर्मचारी न्यायाधिकरणात गेले. तिथे अध्यक्षस्थानी होत्या फ्रेंच कायदेपंडित सुझान बास्तीद. १९५३ साली अकरा जणांना भरपाई द्यावी असा निकाल झाला. अमेरिकेने पैसे द्यायला विरोध केला आणि वाद आमसभेत गेला. आमसभेच्या त्या अधिवेशनाच्या अध्यक्ष होत्या आपल्या विजयालक्ष्मी पंडित. आमसभेने हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवला. १३ जुलै १९५४ रोजी न्यायालयाने मत दिलं: न्यायाधिकरणाने दिलेली भरपाई नाकारण्याचा अधिकार आमसभेला नाही. आठ वर्षांपूर्वी राष्ट्रसंघाने जे केलं ते आता करता येणार नव्हतं.

माझ्या टिपणांत या प्रकरणासमोर मी एक ओळ लिहिली: चौकशी चुकीच्या हातात गेली तर ती स्वतःच अन्याय होते. नाव, धर्म, मतं किंवा मौन यांवरून माणसाला आधी संशयित ठरवायचं आणि मग त्यालाच निर्दोषपण सिद्ध करायला सांगायचं, हा प्रकार काय असतो ते आपल्यापैकी अनेकांना वेगळं समजावून सांगायला नको. म्हणूनच आरोप काय आहे ते आधी सांगणं आणि दुसरी बाजू ऐकणं या गोष्टींना मी कधीच कोरडी औपचारिकता म्हणणार नाही.

चौकशीच जेव्हा होत नाही

पण गोष्टीची दुसरी बाजूही तितकीच जड आहे. चौकशीच न होणं हाही अन्याय असतो.

न्यूयॉर्कच्या मुख्यालयातल्या एका अमेरिकी स्त्री कर्मचाऱ्याने १९८८ सालच्या लैंगिक छळाच्या घटनेबद्दल एका अतिवरिष्ठ अधिकाऱ्यावर तक्रार केली. अशी तक्रार हाताळायची व्यवस्थाच तिथे नव्हती. शेवटी आयर्लंडच्या न्यायाधीश मेला कॅरल यांना चौकशीसाठी बाहेरून बोलवावं लागलं. १९९४ साली, म्हणजे घटनेनंतर सहा वर्षांनी, संस्थेने त्या स्त्रीला दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन प्रकरण मिटवलं. सहा वर्षं तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं. तकरार.

त्याच १९९४च्या जुलैमध्ये आमसभेने अंतर्गत देखरेख सेवा कार्यालय स्थापन केलं. त्याचा तात्कालिक रेटा पैशांच्या उधळपट्टीबद्दलच्या ओरडीचा होता, विशेषतः अमेरिकेकडून. पण हिशेबतपासणीबरोबर चौकशीचंही काम त्याच्याकडे आलं. पहिले प्रमुख जर्मनीचे कार्ल-थिओडोर पाश्के. प्रमुखाला पाच वर्षांची एकच मुदत, पुन्हा नेमणूक नाही. हेतू असा की, मुदतवाढीच्या आशेने कोणी वरच्यांची मर्जी सांभाळू नये.

एवढं करूनही दहा वर्षांनी गाडी अडलीच. २००४ साली निर्वासितांसाठीचे उच्चायुक्त रूड लुबर्स, हॉलंडचे माजी पंतप्रधान, यांच्यावर एका स्त्री कर्मचाऱ्याने तक्रार केली. देखरेख कार्यालयाच्या अहवालाने तक्रारीला दुजोरा दिला. सरचिटणीस कोफी अन्नान यांनी मात्र पुरावा टिकणारा नाही असं म्हणून प्रकरण बंद केलं. फेब्रुवारी २००५ मध्ये अहवाल वृत्तपत्रात फुटला आणि लुबर्स यांनी राजीनामा दिला. आरोप त्यांनी शेवटपर्यंत नाकारले. ती स्त्री अमेरिकेच्या न्यायालयात गेली. २०१० साली तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की, संस्थेला उन्मुक्ती आहे, दावा चालणार नाही. १९४६चा बंद दरवाजा अजून बंदच होता.

या सगळ्यातून सुधारणा आल्या. २००५च्या अखेरीस तक्रारदारावर सूड उगवण्याला बंदी करणारा नियम आला. २००६ साली तज्ज्ञांच्या गटाने अंतर्गत न्यायव्यवस्थेची झडती घेऊन ती कालबाह्य आणि परावलंबी असल्याचं स्पष्ट सांगितलं. तोवर अपील ऐकायला सहकाऱ्यांच्याच समित्या बसत आणि त्यांचं मत फक्त सल्ला असे. १ जुलै २००९ पासून व्यावसायिक न्यायाधीशांची दोन पातळ्यांची व्यवस्था सुरू झाली. खालचं न्यायाधिकरण न्यूयॉर्क, जिनिव्हा आणि नैरोबीत बसतं. २०११ साली वरच्या न्यायाधिकरणाने पुराव्याची पातळीही ठरवून दिली. नोकरी जाण्याची शिक्षा होणार असेल तर पुरावा स्पष्ट आणि पटण्यासारखा हवा. फौजदारी खटल्याइतका कडक नाही, पण नुसत्या ‘बहुधा असं झालं असावं’वर माणसाची भाकरी काढायची नाही. २०१८ पासून एक सामायिक यादी ठेवली जाते, म्हणजे लैंगिक गैरवर्तनामुळे एका संस्थेतून गेलेला माणूस गुपचूप दुसऱ्या संस्थेत चिकटू नये.

म्हणजे या इतिहासाला दोन तोंडं आहेत. १९५२ सांगतं, चौकशीला लगाम हवा. १९८८ आणि २००४ सांगतात, चौकशीला ताकद हवी. लगाम नसेल तर निरपराध मरतो, ताकद नसेल तर पीडित. जी व्यवस्था यांतलं एकच लक्षात ठेवते ती कोणाच्या तरी सोयीची असते.

आणि इंटर्न?

माझ्या टिपणांची यादी जवळजवळ पूर्ण झाली होती. एक दिवस जेवणाच्या वेळी दुसऱ्या एका विभागातली इंटर्न माझ्यासमोर येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, “माझ्या एका मैत्रिणीला विचारायचं आहे.” मैत्रीण कोण हे मी विचारलं नाही. प्रश्न असा होता की, वरिष्ठाने काही वाईट वागणूक दिली तर इंटर्न तक्रार करू शकते का?

मी तिला घाईने हो म्हटलं. संध्याकाळी नियम उघडून बसले, तेव्हा ‘हो’ किती अर्धं आहे ते कळलं. संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत इंटर्न गैरवर्तनाची माहिती देऊ शकते, चौकशी विभाग ती घेतो. पण इंटर्न ही नियमांच्या भाषेत कर्मचारी नाही. २००८ च्या अखेरीस आमसभेने नवी न्यायव्यवस्था मंजूर केली, तेव्हाच ठरवलं की इंटर्न प्रशासनाकडे निर्णयाचा फेरविचार मागू शकतात, न्यायाधिकरणाकडे जाऊ शकत नाहीत. म्हणजे १९२७ पासून मी टिपत आलेला तो आतला दरवाजा माझ्यासाठी नव्हताच. मी त्याचा इतिहास लिहीत होते, बाहेर उभी राहून.

या मुलामुलींची स्थिती काय असते तेही सांगायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नला पगार नसतो. २०१५ साली न्यूझीलंडचा एक बावीस वर्षांचा इंटर्न जिनिव्हाच्या तळ्याकाठी तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली होती. मी स्वतः तिघींत एक खोली घेऊन राहिले आणि घरून आणलेल्या चटणीवर महिने काढले. पुढची नोकरी वरिष्ठाच्या एका शिफारसपत्रावर अवलंबून असते. खालाची हजेरी मुकादमाच्या हातात होती, आमचं शिफारसपत्र साहेबांच्या. फरक फक्त इमारतीचा.

त्याच जिनिव्हात जून २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हिंसा आणि छळ यांविरुद्धचा १९० क्रमांकाचा करार संमत केला. कोणाला संरक्षण आहे या यादीत त्याने इंटर्न आणि शिकाऊ उमेदवार यांची नावं स्पष्ट घातली. आणि आपल्याकडे? आपल्याकडे हे त्याआधीच झालं होतं. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी योजनेत साथिन म्हणून काम करायच्या. बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१३ साली कायदा आला. त्या कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत कंत्राटी कामगार, प्रशिक्षणार्थी, शिकाऊ उमेदवार सगळे आहेत. पगार मिळतो की नाही हा प्रश्नच नाही. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणांसाठी आणि घरकामगारांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती हवी. तक्रार साधारण तीन महिन्यांत लेखी द्यायची, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. वाचणाऱ्यांनी आपल्या शाळेत, दुकानात, ट्रस्टमध्ये अशी समिती आहे का, तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावली आहेत का, हे एकदा बघावं. अर्थात हा कायदा लैंगिक छळापुरताच आहे. रविवारी भांडी घासायला लावणाऱ्या मुकादमासाठी तो नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला सगळं खरं सांगितलं. काय मिळेल, काय मिळणार नाही. लोकपालाच्या कार्यालयाचा पत्ता दिला, तिथे नाव न नोंदवता आधी नुसतं बोलता येतं हेही सांगितलं. आणि एक सल्ला दिला, जो कोणत्याही नियमात नाही: आज रात्री बसून सगळं लिहून काढ. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, नेमके शब्द काय होते. लिहून स्वतःलाच ईमेल कर. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, मी विचारायचंही नव्हतं.

परत आल्यावर खालाला भेटायला गेले. आता ती निवृत्त आहे, गुडघे दुखतात. मी तिथे काय करत होते हे तिला सांगायचा प्रयत्न केला. तिने सगळं ऐकून एकच विचारलं, “मग तिथे एकदाच सांगून भागतं का, बेटा?”

मी म्हटलं, नाही खाला, तिथेही दोन-तीनदा सांगावंच लागतं. पण पहिल्यांदा सांगता तेव्हाच कोणीतरी लिहून घेतं आणि त्यावर तारीख टाकतं.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “लिहून घेतात ना? मग बरं आहे.”